आवतन्या वाऱ्याची चौकशी

वालूर

ताडकळसला जायचं माझ्या मनात नव्हतं. फाल्गुन संपत आलेला, ऊन तापलेलं, माझे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसानं घरच्या ओट्यावर बसावं, जिल्ह्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जाऊ नये. पण भाच्याचा फोन आला.

माझी थोरली बहीण कौसाआक्का ताडकळसला दिलेली आहे. वय एक्याऐंशी. तिचा मुलगा भागवत तिथं शेती करतो.

"मावशी, जवारी खुडून खळ्यावर आठ दिवस पडून हाय," भागवत म्हणाला. "यंत्रवाला दोनदा येऊन माघारी गेला. आई येऊ देईना."

"काहून?"

"म्हणती आधी बियाची जवारी उफणून घ्यायची. मी म्हणलं पंखा लावतो. तर पंखा न्हाई, वारं पायजे. बरं, वारं बी साधं न्हाई. आवतन्या आल्याबिगर सुपाला हात लावायचा न्हाई म्हणती. हे आवतन्या काय असतंय मावशी? गावात कुणालाच मालूम न्हाई. आन् मोबाइल सांगायलाय, पाच दिवसांनी आभाळ येणार, गारा पडणार."

"तिलाच विचार की."

"विचारलं. म्हणती, खळं मांडल्यावर त्याचं बोलायचं नसतं. मावशी, तिचं डोकं फिरलंय असं मीरा म्हणायलीय. मी काय करू?"

मीरा म्हणजे त्याची बायको.

बियाच्या ज्वारीचं मला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्या मुळाला माहेरी आली तेव्हा आक्कानं आईकडून दोन ओंजळी दगडी जातीची ज्वारी नेली होती. तेव्हापासून शेताच्या एका कोपऱ्यात ती दरवर्षी पेरते आणि त्यातलंच बी पुढं धरते. यंत्र सगळ्या गावची ज्वारी मळून येतं. त्याच्या पोटात दहा जणांचे दाणे अडकलेले असतात, ते आपल्यात मिसळतात, आणि काही दाणे फुटतात. शेजारी नुसतं चाललं तरी दाणे उडून बियाच्या ढिगात येतात. त्या तालुक्यात हे बी आता आक्काकडं सोडून कुणाकडं नाही. एवढ्यावर बघितलं तर तिचं चूक नव्हतं. पण सगळी रास भिजली तर भागवतचं वर्ष गेलं असतं, आणि बी पण गेलं असतं.

आणि तो शब्द. आवतन्या. तो मी ऐकलेला होता. आईच्या तोंडून. चूल फुंकताना ती म्हणायची, "आवतन्या आला वाटतं." पण तो कुठलं वारं, कधी येतं, किती दिवस राहतं, हे मला सांगता आलं नसतं. इकडं वालूरला वाऱ्याला वारंच म्हणतात.

दोन दिवसांत येणार असेल तर थांबावं. महिन्यानं येणार असेल तर आक्काला ओढून बाजूला बसवावं आणि यंत्र लावावं. म्हणजे आधी शब्दाचा अर्थ कळायला पाहिजे. पिशवीत धपाटे आणि डब्यात दही घेतलं आणि निघाले.

रेल्वेत आणि परभणीच्या स्टँडवर

सेलूला गाडीत बसले. समोर एक निवृत्त गुरुजी होते, परभणीला लेकीकडं निघालेले. कपडे स्वच्छ, खिशाला दोन पेनं. अशा माणसाला विचारायला हरकत नाही म्हणून विचारलं.

गुरुजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बाई, हा मूळचा संस्कृत शब्द. आवर्तन. आवर्तन म्हणजे फेरा. दरवर्षी फिरून येतो तो आवर्तनी वारा. खेड्यातल्या लोकांनी त्याचा आवतन्या केला."

त्यांनी पेपरच्या कोपऱ्यावर तो शब्द लिहून मला दाखवला. अक्षर फार सुंदर होतं. समजावून सांगायची पद्धतही चांगली होती. मी चौथी शिकलेली, मला सगळं कळलं.

"गुरुजी, पण येतो कधी?"

"फेऱ्याप्रमाणे येतो."

"म्हणजे ह्या चार दिवसांत येईल का?"

"ते मात्र," गुरुजी म्हणाले, "पंचांगात बघावं लागेल."

त्यांना एक धपाटा दिला. त्यांनी दोन खाल्ले. दही द्यायला डबा काढला तर झाकण निघालेलं, सगळं दही पिशवीत आणि तिथून माझ्या लुगड्यावर. परभणीला उतरले तेव्हा माझ्याभोवती आंबट वास होता आणि दोन माशा.

ताडकळसची बस निघून गेली होती. पुढची कधी, ते चौकशीच्या खिडकीतल्या माणसालाही नक्की ठाऊक नव्हतं. मी एका खांबाला टेकून बसले. शेजारी ऊस तोडून परत आलेलं एक कुटुंब होतं, गाठोडी, भांडी, एक कोंबडी. त्यातली बाई चाळिशीची असेल, हाताला चिरा पडलेल्या. तिला पण विचारलं, बसल्या बसल्या.

"आमच्याकडं वाऱ्याला नाव न्हाई, मावशी," ती म्हणाली. "पाचट उडालं की वारं. न्हाई उडालं की ऊन."

मग माझ्या लुगड्याकडं बघून म्हणाली, "दही सांडलं का वो? नळ तिकडं हाय."

गुरुजींपेक्षा तिचा मला जास्त उपयोग झाला.

ताडकळस

पोचले तेव्हा दिवस कलला होता. ताडकळस मोठं गाव आहे. फाट्यावर मोटारसायकली, भज्याचा घाणा, बसमधून उतरणाऱ्याला वाट नाही. भागवत न्यायला आला होता. घरी न नेता मला सरळ शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपीवर, घेऊन गेला, कारण आक्का तिथंच मुक्कामाला होती.

खळं शेणानं सारवलेलं. एका बाजूला कणसांचा मोठा ढीग, त्यावर ताडपत्री. दुसऱ्या बाजूला लहान ढीग, बडवून झालेला, दाणे आणि भूस एकत्र. हीच बियाची ज्वारी. आक्का तिच्याशेजारी पोत्यावर बसलेली. मला बघून ती उठली नाही.

"आलीस का? बरं झालं. गुडघे कसे हायेत?"

"हायेत."

"माझे पण."

मीरानं पिठलं, भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणून ठेवला. ताटं वाढताना ती सासूकडं बघून हळूच म्हणाली, "मावशी, बांधावर जाऊन बगा. आत्यानं काय करून ठेवलंय."

गेले. पश्चिमेच्या बांधावर दगडाखाली अर्धी भाकरी होती. म्हणजे अर्धी राहिली होती. बाजूला कुत्र्याचे पाय उमटलेले.

"रोज ठिवतेत," मीरा म्हणाली. "रोज कुत्रं खातंय. कुत्र्याला आता वेळ कळायलीय. साडेसहाला येतंय."

तेव्हा मला आठवलं. आई हेच करायची. खळं मांडलं की दिवस मावळताना भाकरी नेऊन बांधावर ठेवायची. सकाळी ती तिथं नसायची. आम्हा पोरींना सांगितलेलं होतं, ते आवतन आहे. आवतन म्हणजे बोलावणं, जेवायचं नाहीतर कामाचं. वाऱ्याला बोलावणं पाठवलं, वारं भाकरी खाऊन गेलं, आता ते येणार. आम्ही ते खरं मानलं होतं. म्हणून त्याचं नाव आवतन्या, असं आक्का धरून बसली होती. आणि बोलावलेल्या पाहुण्याचं नाव काढून चर्चा करू नये, तो परत जातो, असंही आमच्या माहेरी होतं. खळ्यावर कितीतरी शब्द चालायचे नाहीत. संपलं म्हणायचं नाही, वारं पडलं म्हणायचं नाही. वालूरला सासरी आले तर तिथं सगळे खळ्यावर वाटेल ते बोलत, आणि तरी दाणे तेवढेच निघत.

जेवण झाल्यावर मी सरळ विचारलं. भागवत आणि मीरा समोर होते.

"आक्का, हे वारं कधी येतं?"

"बोलायचं नसतं."

"मी बोलते. मला पाप लागू दे. कधी येतं?"

आक्कानं ताटात उरलेला भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "तुलाच मालूम असंल. म्हणून तर तुझी वाट बगायलेय."

"मला?" मी म्हणाले.

"मी बाराव्या वर्षी हिकडं आले," ती म्हणाली. "तू पाच वर्षांची होतीस. पुढं धा वर्षं तू आईजवळ राहिलीस. धा खळी तू बगितलीस. मी काय बगितलं? माझ्या सासऱ्याच्या खळ्यावर गडीच उफणायचे. आमाला कोण जाऊ देतंय. मग यंत्र आलं. बियापुरतं मी सुपानं पाखडून घ्यायचे घरात. औंदा हात चालंना."

"मग आम्हाला आठ दिवस काहून थांबवलंस?" भागवत म्हणाला. आवाज चढला होता.

"ही धुरपा येईल, ती सांगंल, असं वाटलं."

"तर फोन करून विचारायचं न्हाई का, आई?"

धाकट्या बहिणीला फोन करून, मला येत नाही, तू सांग, असं म्हणणाऱ्यांतली आक्का नाही.

आता माझी गोष्ट सांगायची पाळी. मी दहा खळी बघितली नाहीत. एकही बघितलं नाही. मी घरी धाकट्या भावाला सांभाळत होते. खळ्यावर बाप असायचा आणि कामाची माणसं असायची. आईसुद्धा बांधापर्यंत जायची, पुढं नाही.

मी तसं सांगितलं. मीरा फस्सकन हसली आणि तोंडाला पदर लावला. तिचं चुकलं नाही. दोन म्हाताऱ्या, एक शब्द, आणि दोघींनाही अर्थ माहीत नाही. त्याच्यासाठी सगळ्या घराची ज्वारी अडवून ठेवलेली.

"मग उफणायचं कोण?" भागवतनं विचारलं.

"गजरा," आम्ही दोघी एकदमच म्हणालो. माहेरी आमच्या खळ्यावर उफणायला यायची ती.

माहेर

माहेरच्या गावाचं नाव लिहीत नाही. गाव गंगेकाठी आहे, एवढं पुरे. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो. तिथं आमचं आता काही नाही. भाऊ गेला, जमीन विकली, घराच्या जागी कुणाचं तरी खताचं दुकान आहे. तिथं उभी राहिले तर काही वाटलं नाही. ऊन लागलं, एवढंच.

आक्काला आणि मला न्यायला भागवतनं ओळखीच्या माणसाची जीप आणली होती. गजरा जिवंत आहे का, हेही आम्हाला माहीत नव्हतं. दुकानवाल्यानं सांगितलं, हाय की, वरच्या गल्लीत, पत्र्याच्या घरात. गल्लीत जीप शिरेना. आम्ही चालत गेलो. त्या गल्लीत मी आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत होते, आणि माझा जन्म त्या गावातला.

गजराबाई दारात खाटेवर बसली होती. नव्वदीला टेकलेली, अंगानं वाळून काटकी झालेली, पण डोळे चांगले. नातसून धुणं धूत होती.

"कोण गं?"

"गजरे, मी कौसा. ही धुरपा," आक्का म्हणाली.

"हां. ल्योकाच्या गाडीत आलाव का? बसा."

नातसुनेनं चहा आणला. मी प्याले. आक्कानं अर्धा पिऊन कप खाली ठेवला. गजराबाईनं कपाकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

आक्का बोलायला तयार होईना म्हणून मीच सगळं सांगितलं. ज्वारी, यंत्र, आभाळ, बांधावरची भाकरी. भाकरीचं ऐकून गजराबाई हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली.

"वारं भाकर खातंय व्हय? अगं, ती आमी खायचो."

माझा रिकामा कप मी खाली ठेवला.

"तुमची आई भाकर ठिवायची बांधावर. हातात द्यायची न्हाई. आमच्या हातात कोण देत हुतं तवा? दगडाखाली भाकर दिसली की आमी समजायचो, उद्या ह्यांच्या खळ्यावर जायाचं. ते आवतन. भाकर उचलली म्हंजी कबूल. दुसऱ्याच्या बांधावरची उचलली तर तिकडं जायाचं."

"आणि आवतन्या?" मी विचारलं.

"ते आमच्या गल्लीतलं नाव हाय, बाई. तुमचं न्हाई. वर्सभर ह्या गल्लीत कुणी येत नव्हतं. फागुनात, लिंबाचा मोहर भुईवर पडाया लागला की मावळतीचं वारं सुटायचं. दिवस कलला की यायचं आन् दिवेलागणीपतोर एकसारखं राहायचं. धा-बारा दिस, बस. तेवढ्यात सगळ्या गावाची खळी उरकायची. आन् वावडीच्या तिपाईवर उभं राहून उफणायचा हात इथं सातआठ बायांचाच. मग काय. वारं सुटलं की समद्या बांधांवर भाकरी. काही काही बाप्ये तर गल्लीच्या तोंडाशी येऊन हाका मारायचे, तुमचा बाप पण. म्हणून आमी त्या वाऱ्याला म्हणायचो आवतन्या. आवतनं घिऊन येणारा. आमच्या सासूनं म्हणलेलं मी ऐकलंय, तिच्या सासूनं तिला."

गुरुजींचा पेपरचा कोपरा मला आठवला. राहू दे. त्यांनी त्यांच्या परीनं सांगितलं होतं.

"मग आमच्या आईच्या तोंडी कसा आला?" मी म्हणाले.

"ऐकून. आमी बांधापलीकडं बोलायचो, ती अलीकडून ऐकायची."

गजराबाईनं गल्लीतल्या कडुनिंबाकडं बघितलं. खाली पांढरा सडा पडायला लागला होता.

"येईल उद्या, न्हाईतर परवा," ती म्हणाली. "अलीकडं दोनतीन दिसच राहतंय."

आम्हाला पाहिजे ते मिळालं होतं. भागवत उठलाच. म्हणाला, "चला मावशी, उद्या-परवा म्हणजे जमतंय." पण आक्का उठली नाही. तिला कळलं होतं आणि मलाही. वारं कधी येतं ते कळलं, पण ते आलं तर उफणायचं कसं, हे आमच्यात कुणाला येत होतं?

गजराबाई म्हणाली, "विचारायला आलाव का आवतन द्यायला?"

आक्का खाली बघत होती.

"का जाताना माझ्या उंबऱ्यावर भाकर ठिवून जाणार?"

नातसून धुणं थांबवून बघत होती. भागवतनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्याचा हात दाबला. आक्कानं मग डोक्यावरचा पदर नीट केला. थंड झालेला चहा उचलून संपवला.

"गजराबाई," ती म्हणाली, "उद्या आमच्या खळ्यावर या."

"माझ्यानं वावडीवर चढणं व्हायचं न्हाई."

"बसून सांगा. चढणारी हाय."

"बगू," गजराबाई म्हणाली. मग नातसुनेला म्हणाली, "माझं निळं लुगडं वाळलं का बग."

खळ्यावर

दुसऱ्या दिवशी दुपारी भागवतनं तिला जीपमधून आणलं. मीरानं प्लास्टिकची खुर्ची टाकली. वावडी म्हणजे उफणायला उभं राहायची उंच तिपाई. ती गावात कुठंच सापडेना. शेवटी एका गोठ्यात कडब्याखाली निघाली, एक पाय हलत होता, तो भागवतनं तारेनं बांधला.

त्या संध्याकाळी वारं आलं. आक्का लगेच उठली. गजराबाई खुर्चीतून म्हणाली, "खाली बसा. हे न्हवं. हे झटके द्यायलंय."

खरंच, ते वारं एकदा यायचं, एकदा थांबायचं. आम्ही चौघी बसून राहिलो. भागवत मोबाइलवर ढग बघत फेऱ्या मारत होता. मला झोप येत होती. पाठ दुखत होती. असं वाटलं, कशाला आले, वालूरला आता पंख्याखाली पडले असते. दिवेलागण झाली, कुत्रं त्याच्या वेळेला येऊन बांधावर हुंगून गेलं. भाकरी नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून उकडत होतं आणि उगवतीला काळं दिसायला लागलं. भागवत म्हणाला, आजच यंत्र लावतो, बी गेलं तर गेलं. आक्का त्याच्याशी भांडली नाही. फक्त म्हणाली, "दिवस कलू दे." त्यानं यंत्रवाल्याला पाच वाजता यायला सांगितलं.

साडेचारला गजराबाईनं हात वर केला. मला आधी काही कळलं नाही. पाचोळा उडाला नाही, झाडांचा आवाज नाही. खुर्चीच्या पाठीला अडकवलेला तिचा पदर तेवढा बाजूला गेला आणि तसाच राहिला, परत खाली आला नाही. त्या वाऱ्याचं हेच आहे. ते जोरात येत नाही. कुणी हात पाठीवर ठेवावा आणि काढूच नये, तसं ते राहतं.

"चढ गं," गजराबाई मीराला म्हणाली.

मीरा वावडीवर चढली. मी आणि आक्का सूप भरून वर देत होतो. पहिलं सूप तिनं एकदम ओतलं.

"तसं न्हाई. पोराला घास भरवतीस तसं. थोडं थोडं. हात हालवत. हां. अजून वर धर. डोक्याच्या वर."

दाणे पडायला लागले. भूस लांब वाहून जात होतं, त्याच्या अलीकडं हलके, सुरकुतलेले दाणे, आणि वावडीच्या अगदी पायाशी जड, टपोरे. पंख्याच्या वाऱ्यानं हे होत नाही, तो सगळंच ढकलतो. पायाशी जे पडतं तेच बी. हे मला त्या दिवशी कळलं. हे आक्कालाही तेव्हाच कळलं असावं, कारण ती सूप हातात घेऊन पायाशी बघतच उभी राहिली, आणि गजराबाई तिच्यावर ओरडली, "कौसाबाय, बगत काय बसलाव, भरा."

तासभर झालं. मीरा वावडीवरून उतरली नाही. ढीग संपला. तेवढ्यात यंत्रवाला आला, त्याच्या मागोमाग पहिला थेंब. यंत्र लावायला वेळच मिळाला नाही. कणसांवर ताडपत्री ओढता ओढता गारा आल्या. एका बाजूची ताडपत्री उडाली आणि तिथली कणसं भिजली. ती पुढं काळी पडली. भागवतनं आईला काही म्हटलं नाही, पण दोन दिवस तिच्याशी बोलला पण नाही. आठ दिवस आधी यंत्र लावलं असतं तर हे झालं नसतं, हे खरंच आहे. मी ते आक्काला तोंडावर सांगितलं.

पण गारा यायच्या आधी एक गोष्ट झाली. आक्का पायाशी पडलेलं बी गोळा करायला वाकली. गजराबाई खुर्चीतून उठली, काठी टेकत आली आणि रिकामं सूप पुढं केलं.

"माझं सूप."

आमच्याकडं रीत होती. मालकानं राशीला हात लावायच्या आधी उफणणारीनं एक सूप घ्यायचं, आणि ते पुढून, म्हणजे वावडीच्या पायाशी पडलेल्या दाण्यांतून, घ्यायचं.

"गजराबाई, तिकडून घ्या की," आक्का म्हणाली. "तिकडची बी चांगली हाय. हे बियाचं हाय."

"माझं सूप पुढूनच असतंय."

"एवढुसं तर हाय. तुमाला बी घेऊन काय करायचंय? तुमाला रान कुठं हाय?"

"रान न्हाई. चूल हाय."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी काही मदत केली नाही. मग तिनं स्वतः दोन्ही हातांनी गजराबाईचं सूप भरलं. काठोकाठ. राहिलं ते पुढच्या वर्षी अर्ध्या कोपऱ्यापुरतं पुरेल.

परतताना

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर भागवतनं गजराबाईला सोडायला जीप काढली. मीही त्यातच बसले, तिथून मला परभणीची बस मिळणार होती. बसला वेळ होता. गजराबाईनं नातसुनेला गिरणीत पाठवलं. सुपातली ज्वारी थोडीशी दळून आणली. चुलीवर तवा ठेवला आणि स्वतः थापायला बसली. हात अजून चांगला आहे.

पहिली भाकरी तव्यावरून काढून तिनं माझ्या हातावर ठेवली. सोबत तेल-तिखट. बियाच्या ज्वारीची भाकरी मी जन्मात कधी खाल्ली नव्हती. कुणी खात नाही. दोन खाल्ल्या.

वालूरला पोचायला संध्याकाळ झाली. पाय सुजले होते. आक्काचा फोन आला.

"पोचलीस का?"

"पोचले."

"गजराबाईनं त्यातलं काही ठिवलं का गं? बियाला म्हणून? कुणाला तरी द्यायला?"

"नाही. ती खाणार आहे. मी पण खाऊन आले."



"कशी लागली?" तिनं विचारलं.

"ज्वारीसारखी," मी म्हणाले.